अलास्कात सॅमनला होडीमागे कोटा असतो का? आणि तो उजनीत बसेल का?

बॅकवॉटर_करमाळा

नमस्कार मंडळी. करमाळा तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी नियमांचा मसुदा करायचा आहे. दुखणं जुनंच. वडापाने, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्याने, बोटाएवढी पिल्लं निघतात, ढिगाने विकली जातात, आणि चांगला चार-पाच किलोचा कटला लागला की लोक बघायला गोळा होतात. एका सभासदाने छापील कागद वाटलाय. त्यावर लिहिलंय की अलास्कात प्रत्येक होडीला सॅमनचा ठरलेला कोटा असतो, तो भरला की होडी किनाऱ्याला लागते. आपणही होडीमागे किलोचा कोटा बांधू, असं त्यांचं म्हणणं.

जाणकारांना विचारायचं ते असं. हा कोटा खरोखर असा असतो का? असला तर किलोत की नगात, आणि ठरवतं कोण? हंगाम उघडणं आणि बंद करणं कशावर अवलंबून? चोरी कशी सापडते? आणि यातलं उजनीत काय चालेल? ‘तिकडे शिस्त आहे, आपल्याकडे नाही’ हे उत्तर नको, ते आम्हीच रोज एकमेकांना देतो.

---

काठावरचा_हिशेबनीस

तो कागद बाजूला ठेवा. अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सॉकाय या जातीच्या सॅमनची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी चालते. तिथे होडीमागे सरकारी कोटा नाही, सगळ्या ताफ्याला मिळूनही नाही. आधी ठरतो तो उलटा आकडा, म्हणजे किती मासे धरायचे नाहीत. नदी चढून अंडी घालायला किती मासे जाळ्यांतून निसटले पाहिजेत हे नदीगणिक ठरलेलं असतं. त्याला ते एस्केपमेंट म्हणतात, आपण ‘निसट’ म्हणू. निसट पुरी होताना दिसली की उरलेला मासा धरणाऱ्यांचा, मग तो एक कोटी असो की सहा कोटी.

आकडे बघा म्हणजे कळेल. क्विचाक नदीसाठी निसट २० लाख ते १ कोटी. नाकनेक आणि एगेगिक, दोन्हींना ८ ते २० लाख. उगाशिक ५ ते १४ लाख, वुड ७ ते १८ लाख, इगुशिक दीड ते ४ लाख. मोजणी नगात होते. खालची मर्यादा कशासाठी ते सांगायला नको. वरचीही असते, कारण जास्त मासे चढले तर मागून आलेली मादी आधीच्या मादीने खडीत पुरलेली अंडी उकरून टाकते, आणि जी पिल्लं जगतात त्यांना तळ्यात खायला पुरत नाही. सॉकायची पिल्लं समुद्रात जाण्याआधी एक-दोन वर्षं तळ्यात काढतात, म्हणून तळ्याची पोटभर क्षमता हीच खरी सीमा.

मोजतात कसं? नितळ पाण्याच्या नद्यांत दोन्ही काठांवर मनोरा उभारलेला असतो. प्रत्येक तासाला दहा मिनिटं माणूस वर बसून मासे मोजतो आणि तो आकडा सहाने गुणतात. रात्रंदिवस हेच. नुशागाक नदीत मनोऱ्यावरून मोजणं जमत नाही, तिथे सोनार लावतात, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातला मासा टिपणारं यंत्र. सोनारला मासा दिसतो पण जात कळत नाही, म्हणून शेजारी नमुन्याचं जाळं टाकून किती सॉकाय, किती किंग (सॅमनची दुसरी जात) हे प्रमाण काढावं लागतं.

मनोऱ्याची अडचण ही की मासा मनोऱ्याखालून जातो तेव्हा तो जाळ्यांच्या पट्ट्यातून केव्हाच पुढे गेलेला असतो. म्हणून आणखी एक नजर बाहेर ठेवतात, पोर्ट मोलरला. ठरलेल्या जागी, ठरलेल्या आसाचं, म्हणजे भोकाच्या मापाचं, जाळं रोज टाकायचं आणि लागलेले मासे मोजायचे. तिथून उपसागरात मासा यायला साधारण आठवडा लागतो, तेवढी आगाऊ खबर मिळते. मग खवल्यांवरून वय बघायचं, जनुकीय नमुन्यावरून कुठल्या नदीचा मासा ते बघायचं.

आता निर्णय कोण घेतं, हा तुमच्या मसुद्यासाठी सगळ्यात कामाचा भाग. अलास्कात मत्स्य मंडळ वेगळं आणि मत्स्य विभाग वेगळा. मंडळ नियम करतं आणि वाटणी ठरवतं, म्हणजे ड्रिफ्ट (वाहत्या) जाळ्यांना किती, काठाच्या जाळ्यांना किती. एका भागाचे नियम साधारण तीन वर्षांनी पुन्हा मंडळापुढे येतात. रोजचं दार उघडणं-बंद करणं मात्र त्या भागातल्या विभागीय जीवशास्त्रज्ञाच्या हाती. तो ‘तातडीचा आदेश’ काढतो, रेडिओवर घोषणा होते: अमुक जिल्हा, अमुक वेळेपासून अमुक तास. भरती-ओहोटी बघून तास ठरतात. ज्याला वाटणीत रस आहे त्याच्या हातात दाराची किल्ली नाही, ही खरी गोम.

चुकतं कुठे? ‘कमी आलाय’ आणि ‘उशिरा येतोय’ हे दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. हंगामाचा कळस ४ जुलैच्या आसपास. २८ जूनला मनोरे रिकामे असले तर मासा दुबळा म्हणून दार बंद ठेवायचं की उशीर आहे म्हणून उघडायचं? बंद ठेवलं आणि तीन दिवसांत सगळा लोंढा आला तर कारखान्यांना तो उचलता येत नाही. तेव्हा खरेदीदार कारखाने आपापल्या होड्यांना ‘दिवसाला इतकेच पौंड घेऊ’ असं सांगतात. तुमच्या कागदावरचा ‘होडीमागे कोटा’ बहुधा इथून उचललाय. ती बर्फ आणि डबाबंदीची मर्यादा, मासा वाचवायचा नियम नव्हे.

२०२२ साली या उपसागरात ७ कोटी ९० लाखांच्या आसपास सॉकाय आले आणि त्यातले सुमारे ६ कोटी धरले गेले. आधीच कोटा बांधून ठेवला असता तर हे धरताही आले नसते आणि दुबळ्या वर्षी वाचवताही आले नसते.

---

जाळं_आणि_शिसं

हिशेबनीस साहेबांनी वरचं सांगितलं, मी होडी-जाळ्याचं सांगतो. कोटा नसला तरी हात मोकळे नाहीत. मर्यादा मालावर नसून धरायच्या ताकदीवर आहे.

होडी ३२ फुटांपेक्षा लांब चालत नाही. त्यामुळे लोकांनी होड्या रुंद आणि उंच केल्या, लांबी मात्र तेवढीच. १९५१ पर्यंत तर या उपसागरात इंजिनाच्या होड्यांना परवानगीच नव्हती, शिडावर मासेमारी चालायची.

वाहतं जाळं, म्हणजे ड्रिफ्ट गिलनेट, एका परवान्यावर १५० फॅदम. एक फॅदम सहा फुटांचा, म्हणजे ९०० फूट, आपल्या हिशेबाने २७४ मीटर. दोन परवानाधारक एकाच होडीवर आले तर २०० फॅदम. नीट बघा, दोन परवान्यांना ३०० नाही, २०० च. होड्या कमी झाल्या तर गर्दी कमी होते, त्याचं बक्षीस दिलंय, पण जाळ्याची एकूण लांबी मात्र घटवून घेतलीये. हा नियम करणाऱ्याचं डोकं चांगलं होतं. काठाला बांधलेलं जाळं ५० फॅदम. सॉकायसाठी आस ओढून पाच इंचांच्या आसपास.

परवान्यांची संख्या १९७३ च्या कायद्याने गोठवलेली आहे. नवा माणूस आला तर जुन्याकडून विकत घ्यायचा किंवा वारशाने. आणि परवाना ज्याच्या नावावर तो स्वतः मासेमारीच्या वेळी हजर पाहिजे. गावात बसून पाच होड्या भाड्याने फिरवायच्या हा धंदा तिथे बसत नाही. आपल्याकडे नाव एकाचं, होडी दुसऱ्याची, जाळं आडत्याच्या उधारीचं. मसुद्यात पहिली ओळ ‘परवानाधारक हजर’ ही टाका, बाकीचं नंतर.

जिल्हा नोंदवावा लागतो. उपसागराचे पाच भाग आहेत: नाकनेक-क्विचाक, एगेगिक, उगाशिक, नुशागाक, टोगियाक. एकातून दुसऱ्यात जायचं तर आधी कळवायचं आणि ४८ तास जाळं टाकायचं नाही. नाहीतर जिथे मासा लागला तिथे सगळा ताफा एका रात्रीत धावतो आणि ती नदी साफ होते. हंगामाच्या नंतरच्या काळात ही सक्ती काही परिस्थितीत सैल करतात, म्हणजे निसट पुरी झाल्यावर.

सगळ्यात जास्त पकड होते ती रेषेवरून. जिल्ह्याची हद्द अक्षांश-रेखांशात ठरलेली असते आणि मासा नेमका हद्दीवर दाट असतो. जाळं आत टाकलं तरी भरतीने वाहत बाहेर जातं. ‘पाण्याने ओढलं’ ही सबब चालत नाही, जाळं कुठे आहे त्याला जबाबदार होडीवाला. पहिल्या गुन्ह्याला ३,००० डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्याला ६,०००, तिसऱ्याला ९,००० पर्यंत, आणि बेकायदा धरलेल्या मालाची किंमत वेगळी जाते. वेळेआधी जाळं सोडणं आणि वेळ संपल्यावर पाण्यात ठेवणं हेही त्याच खात्यात.

---

बॅकवॉटर_करमाळा

फार उपयोगाचं आहे. पण मग कोटा हा शब्द एवढा ऐकू येतो तो कुठून? आणि विक्रीच्या वेळी नोंद कशी होते तेही सांगा. आमच्याकडे माल भिगवणच्या बाजारात जातो, इंदापूरला जातो, थोडा काठावरच विकला जातो, आणि वहीत लिहितं कोण?

---

काठावरचा_हिशेबनीस

कोटा येतो तिथे, जिथे मासा आपल्या नदीत शिरण्याआधी खुल्या समुद्रात धरला जातो. आग्नेय अलास्कात गळ ओढत जाणारे, म्हणजे ट्रोलर, जो किंग सॅमन धरतात त्यातला कितीतरी कॅनडाच्या, वॉशिंग्टनच्या, ओरेगॉनच्या नद्यांत जन्मलेला असतो. तिथे मनोरा कुठे बांधणार? मासा सगळ्यांचा मिसळलेला. म्हणून अमेरिका आणि कॅनडाने १९८५ साली पॅसिफिक सॅमन करार केला, त्याची प्रकरणं १९९९, २००९ आणि २०१९ ला नव्याने ठरली. किंगची वर्षाची कमाल संख्या मासा किती आहे याच्या निर्देशांकावरून ठरते, नगात. २०१९ च्या वेळी मासा कमी असलेल्या वर्षांत अलास्काने साडेसात टक्क्यांपर्यंत आणि कॅनडाने व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर साडेबारा टक्क्यांपर्यंत कपात कबूल केली. त्या कमाल संख्येतून घेर जाळ्यांना ४.३ टक्के, वाहत्या गिलनेटना २.९ टक्के, काठाच्या जाळ्यांना १,००० नग आणि बाकी ट्रोलर व हौशी गळवाल्यांत. किंग २८ इंचांपेक्षा लहान असेल तर सोडायचा. उन्हाळी ट्रोल १ जुलैला उघडतो आणि संख्या भरत आली की काही दिवसांतच बंद होतो.

इथला दोष असा की बंदीनंतर होड्या कोहो या दुसऱ्या जातीच्या सॅमनसाठी पाण्यात असतातच. किंग लागतो, सोडावा लागतो आणि सोडलेल्यातला काही मरतो. म्हणून सोडून दिलेल्यांतले किती मेले असतील याचाही अंदाज हिशेबात धरतात. कागदावर वाचलेला आणि पाण्यात वाचलेला मासा एक नसतो.

आधी बांधलेल्या अंदाजाचं काय होतं याचं ठळक उदाहरण कॅनडाची फ्रेझर नदी. २००९ साली सुमारे १ कोटी ५ लाख सॉकाय येतील असा अंदाज होता, आले १५ लाखांच्या आसपास. त्यावर चौकशी आयोग बसला. पुढच्याच वर्षी, २०१० ला, अंदाजाच्या दुपटीहून जास्त आले. अंदाजावर कोटा वाटून टाकला असता तर पहिल्या वर्षी नदी मोकळी झाली असती आणि दुसऱ्या वर्षी मच्छीमार हात चोळत बसले असते.

आणखी एक गोष्ट. मिसळलेल्या माशात नियम नेहमी सगळ्यात दुबळ्या गटासाठी करावा लागतो. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या शरद ऋतूतल्या किंगची निसट १,२२,००० ते १,८०,००० हवी. तेवढी येणार नाही असं दिसलं की अख्खा किनाराही बंद होऊ शकतो. व्यावसायिक सॅमन २००८ आणि २००९ ला बंद होता, नंतर २०२३, २०२४ आणि २०२५ ला पुन्हा बंद. समुद्रात दुसऱ्या नद्यांचा मासा होता की नाही हा प्रश्नच नाही, गळाला दोन्ही लागतात.

---

आडत_बाजार

नोंदीचं मी सांगतो. अलास्कात विक्रीच्या वेळी ‘फिश तिकीट’ फाटतं. परवान्याचं कार्ड दाखवल्याशिवाय खरेदीदार माल घेऊच शकत नाही. तिकिटावर परवाना क्रमांक, होडीचा क्रमांक, कुठल्या पट्ट्यात धरला त्या पट्ट्याचा क्रमांक, तारीख, जात, नग आणि पौंड. घरी खायला ठेवलेला मासाही त्यावर लिहावा लागतो, नाहीतर ‘घरचा’ म्हणून अर्धी होडी गायब होईल. खरेदीदाराने तिकीट सात दिवसांत विभागाला पोचवायचं, आणि आता बहुतेक ते संगणकावरून लगेच जातं.

यातली मेख बघा: नोंदीचं ओझं हजारो मच्छीमारांवर नाही, मोजक्या खरेदीदारांवर आहे. ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे आकडा असतोच. आपल्याकडे आडत्याच्या पट्टीवर वजन आणि भाव असतो, जातही असते, कारण चिलापीचा भाव वेगळा आणि रोहूचा वेगळा. फक्त दोन रकाने वाढवायचे: कुठल्या गावासमोर धरला आणि किती आसाच्या जाळ्याने. होडीमागे किलोचा कोटा बांधाल तर उलट होईल. माल तीन ठिकाणी तुकड्यांत विकला जाईल आणि पट्टी एकाच ठिकाणी फाटेल. शिवाय किलो ठरलेत म्हटल्यावर माणूस भाव न मिळणारी बारकी चिलापी काठावर फेकणार आणि मोठी तेवढी तोलणार. मेलेला मासा दोन्हीकडे मेलाच, वहीत मात्र एकच दिसतो.

---

जाळं_आणि_शिसं

उजनीवर येऊ. इथे कोटा बसत नाही याचं मुख्य कारण चोरी नव्हे. उजनीतही मिसळलेला मासा आहे. एकाच पाण्यात चिलापी आणि कटला-रोहू-मृगळ. चिलापी लहान असतानाच अंड्यावर येते, मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि उबेच्या महिन्यांत एकाच वर्षात पुन्हा पुन्हा घालते. कटल्याला दोन-एक वर्षं लागतात आणि तो पावसाळ्यात वाहत्या पाण्यात, वर्षातून एकच हंगाम अंडी घालतो. चिलापीला बसेल असा आस ठेवला तर पाव-पाव किलोचा कटला त्यात अडकून संपतो. कटल्याला बसेल असा ठेवला तर चिलापी आरपार जाते आणि लोक म्हणतात पोट कसं भरायचं. दोन्हींना एक आस हा हट्ट सोडा.

माझं मत असं. उघड्या पाण्यात, जुन्या नदीपात्राच्या बाजूला, फक्त मोठा आस. काठाच्या उथळ पाण्यात, जिथे चिलापी घरटी करते तिथे, लहान आस चालू द्या, पण एका माणसाला किती मीटर ते बांधून द्या. वडाप आणि मच्छरदाणीच्या कापडासारखी जाळी कुठेच नाही. ती जात बघत नाही, वय बघत नाही, संस्थेने सोडलेली बोटुकलीही तीच आधी काढते. आधी मत्स्यबीजाला पैसे घालायचे आणि दोन महिन्यांनी तेच सुकवून किलोवर विकायचं, हा कुठला हिशेब?

बंदीकाळाबद्दल: समुद्रातली १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी जशीच्या तशी उचलू नका.

---

भीमथडी

शेवटच्या ओळीला माझा विरोध. ठरलेली तारीख असली की पोलिसालाही कळते, आडत्यालाही कळते. ‘पाणी बघून ठरवू’ म्हटलं की ठरवणाऱ्याला फोन सुरू होतात.

---

जाळं_आणि_शिसं

भीमथडी दादा, मुद्दा रास्त. पण हिशेब करा. उजनी पावसाने कमी भरते, वरच्या धरणांच्या विसर्गाने जास्त. मुठा, मुळा, भीमा सगळ्यांचं पाणी दौंडला येतं, तिथली आवक वाढली की मासा वर चढायला लागतो. बऱ्याच वर्षी तो लोंढा जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये येतो. १ जूनला बंद केलं आणि ३१ जुलैला उघडलं तर दोन महिने घरी बसून नेमका गाभोळीचा मासा चढायच्या वेळी जाळी पाण्यात. कटला-रोहूची अंडी पाण्यात पडली की साधारण १४ ते १८ तासांत फुटतात, सगळा खेळ त्या पहिल्या एक-दोन पुरांचा.

तोडगा असा की आकडा आधी लिहून ठेवायचा, माणसाने ठरवायचा नाही. उदाहरणार्थ, दौंडची आवक अमुक हजार क्युसेकच्या वर सलग २४ तास गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ४५ दिवस बंद. समजा १०,००० धरा, जुन्या आवकेच्या नोंदी बघून कमी-जास्त करा. आवक जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो, वर्तमानपत्रात येते, गावागावात मोबाईलवर फिरते. फोन करून दौंडची आवक बदलता येत नाही.

---

भीमथडी

हे पटलं. पण मग नुसतं आमच्या बाजूने कशाला? माढा-करमाळा आपला, पलीकडचा काठ इंदापूर-दौंडचा, वर कर्जतचा टेकतो. तीन जिल्हे. आम्ही जाळी वाळत घालायची आणि समोरच्या काठाने ओढायची?

---

काठावरचा_हिशेबनीस

अमेरिका-कॅनडाचं घोडं इथेच अडलं होतं. कराराआधी दोघेही दुसऱ्याच्या नदीचा मासा जमेल तेवढा आधी धरून घ्यायचे, कारण आपण सोडला तर तो धरणारच. संस्थेचा ठराव सभासदांपुरता असतो. अख्ख्या जलाशयाला लागू व्हायचा तर शासनाचा आदेश लागतो. म्हणून मसुदा ठरावाच्या भाषेत करू नका, मत्स्यव्यवसाय विभागाकडे तिन्ही जिल्ह्यांसाठी एकच प्रस्ताव करा आणि पलीकडच्या दोन-चार संस्थांची सही आधी घ्या. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे, त्यासाठी नव्या ठरावात शाई घालवू नका.

आता उन्हाळ्याचं, कारण तिथे सगळेच फसतात. उजनी भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७, बाकी साधारण साडेत्रेसष्ट मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून धरण ‘मायनस’मध्ये जातं. उणे ५० टक्के म्हणजे पाण्यात सुमारे ३७ टीएमसी उरलं, भरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सगळा मासा जुन्या पात्रात दाटतो. तेव्हा एका होडीला रोजचे किलो वाढतात आणि सगळे म्हणतात मासा भरपूर आहे. मासा तेवढाच असतो किंवा कमी झालेला असतो, पाणी आटलेलं असतं. धरलेल्या मालावरून साठा ठरवणाऱ्यांना हा भ्रम जगभर नडलाय. त्यामुळे मेचे किलो जानेवारीच्या किलोंशी ताडायचे नाहीत. यंदाचा मे गेल्या मेशी, तोही पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असेल तरच. आणि उणे अमुक टक्क्यांखाली गेलं की जुन्या पात्रातला एक ठरलेला टप्पा बंद, हा नियम तुमच्या मसुद्यात होडीच्या कोट्यापेक्षा जास्त मासा वाचवेल.

आपल्याकडे मनोरा नाही, पण पोर्ट मोलरची युक्ती फुकट आहे. वाशिंबे, केत्तूर, कुगाव अशा तीन-चार ठिकाणी, महिन्यातून दोनदा, तेच जाळं, तोच आस, तेवढेच तास. किलोला दर शंभर मीटर-तासाने भागा. १,००० मीटर जाळं १० तास ठेवलं तर ते शंभर घटक झाले. २० किलो लागलं तर घटकाला २०० ग्रॅम. प्रत्येक जात वेगळी, आणि कटला-रोहूची लांबी टेपने. हे जाळं धंद्याचं नाही, जास्त मासा लागेल तिकडे सरकवायचं नाही. नेमका तोच मोह होतो आणि तीन वर्षांची वही वाया जाते.

---

बॅकवॉटर_करमाळा

कोटा मसुद्यातून काढतो. परवानाधारक हजर, दोन पट्ट्यांना दोन आस, दौंडच्या आवकेवर बंदी, मायनसमध्ये पात्राचा टप्पा बंद, आडत्याच्या पट्टीला दोन रकाने आणि नमुन्याचं जाळं, एवढं घेतो. एकच शेवटचं: आस मोजायचा कसा? इथे कोणी बोटाने सांगतं, कोणी गाठ ते गाठ, कोणी ओढून. तीन माणसं, तीन मापं.

---

जाळं_आणि_शिसं

भांडण तिथूनच सुरू होतं, म्हणून मसुद्यात मोजायची रीतच लिहा. जाळं ओलं असताना मोजायचं, कोरडा धागा आणि ओला धागा सारखा नसतो. आस उभा ओढून, समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर. एकच आस मोजायचा नाही, सलग दहा मोजून सरासरी. कडेच्या दोरीला लागून असलेले आणि दुरुस्त केलेले आस सोडून द्यायचे, ते ताणलेले किंवा आखडलेले असतात. गाठ ते गाठ म्हणणारा माणूस एकच बाजू मोजतो, ती ओढलेल्या मापाच्या निम्मी येते. त्यामुळे ‘दोन इंची’ जाळं दोघांसाठी दोन आकाराचं निघतं. बोटाचं माप कागदावर येऊच देऊ नका, बोटं सगळ्यांची सारखी नसतात.

आणि आस किती ठेवायचा हे ठरवायला एक सुतळी पुरे. सोडायच्या आकाराचा मासा घ्या, जिथे सगळ्यात जाड आहे तिथे सुतळी गुंडाळा, घेर मोजा. ओढलेल्या आसाची दुप्पट म्हणजे त्या आसाचा घेर. माशाचा घेर आसाच्या घेरापेक्षा कमी असेल तर तो निघून जातो, थोडा जास्त असेल तर कल्ल्याशी अडकतो. घेर १८ सेंटिमीटरचा असलेला मासा सोडायचा तर आस ओढून ९ पेक्षा जास्तच हवा, १० ठेवा. कटल्याचं डोकं मोठं आणि अंग रुंद, त्यामुळे वजन तेवढंच असलेल्या मृगळापेक्षा तो आधी अडकतो. म्हणून सुतळी कटल्यालाच लावा, मृगळाला लावून ठरवाल तर चुकाल.